गणपतीचा देखावा: १८९० च्या सुमाराची चाकांची प्रवासी आगबोट नेमकी कशी चालायची?

दांडियाबाजारकर (बडोदा)

मंडळी, आमच्या मंडळाचा यंदाचा देखावा ‘वाफेचं युग’. मध्यभागी ७ मीटरचा हौद आणि त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, दोन्ही बाजूंना चाकं असलेली प्रवासी आगबोट. नमुना स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवरच्या बोटींचा. मूळ बोट ६० मीटर लांब आणि चाक ५ मीटर व्यासाचं धरलंय. प्रमाण १:२५, म्हणजे मॉडेल २ मीटर ४० सेंमी आणि चाक २० सेंमी. बोट तरंगणार नाही. पाण्याखालच्या रुळावर ट्रॉली आहे, ती एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंतचे ४ मीटर २० सेकंदांत जाते.

आता अडचणी सांगतो. चाकांना दोन वेगळ्या मोटरी लावायच्या का, म्हणजे वळताना एक उलट फिरवता येईल? पाती सरळ ठोकून टाकली तर चालेल की ती हलती लागतात? आवाजासाठी रेल्वे इंजिनाचा छुक-छुक ट्रॅक तयार आहे, तो चालेल का? आणि सहा मिनिटांचं निवेदन आहे. त्यात ‘राजेशाही सफर, सोनेरी दिवस’ असलं काही नकोय. बोटीवर कोण काय करायचं, कोळसा किती लागायचा, काय बिघडायचं, एवढंच हवंय. कलाभवनची, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजची मुलंही बघायला येतात, चूक लगेच पकडतात.

राऊपुरा_वर्कशॉप

मोटर एकच लावा. प्रवासी बोटीत दोन्ही चाकं एकाच आडव्या शाफ्टवर पक्की किल्लीने बसवलेली असत. एक पुढे आणि एक मागे हा प्रकार ओढबोटींचा, म्हणजे टगचा. तिथे दोन वेगळी इंजिनं असत, ती हवी तेव्हा सोडता येत. हजार माणसं वरच्या डेकवर असताना एक चाक उलट फिरवलं तर बोट वळते खरी, पण कलतेही. म्हणून प्रवासी कामात चाकं जोडलेलीच ठेवायची.

पाती मात्र हलतीच करा. १८९० च्या बोटीवर ठोकलेली पाती दाखवली तर जाणकाराला ते पहिल्यांदा खटकेल. ठोकलेलं पातं पाण्यात सपाट आपटत शिरतं आणि बाहेर येताना पाणी वर उचलतं. दोन्हीत ताकद फुकट जाते आणि बोटभर हादरे बसतात. त्यावर तोड म्हणून चाक प्रचंड मोठं करावं लागे. हलत्या पात्यांचं पेटंट इलायजा गॅलोवेचं, १८२९ चं. पुढे विल्यम मॉर्गनने ते विकत घेतलं. या रचनेमुळे चाक लहान झालं, फेरे वाढले आणि इंजिनही हलकं करता आलं.

रचना अशी. प्रत्येक पातं आपल्या पिनवर फिरतं आणि त्याच्या पाठीला एक आखूड हात असतो. चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चाकपेटीच्या (चाकावरच्या आवरणाच्या) तुळईवर एक स्थिर खुंट असतो. तो शाफ्टच्या केंद्राच्या थोडा पुढे, बोटीच्या नाळेच्या दिशेला. त्या खुंटावर एक कॉलर फिरते आणि कॉलरपासून प्रत्येक पात्याच्या हातापर्यंत एकेक रॉड जातो. यातला एकच रॉड कॉलरला घट्ट रिव्हेट केलेला असतो, तो मुख्य रॉड. बाकीचे सगळे पिनवर सैल. मुख्य रॉड नसेल तर कॉलर चाकाबरोबर फिरणारच नाही आणि सगळे रॉड एकमेकांत अडकतील. मॉडेल करणारे नेमके इथेच फसतात.

तुमच्या मापाला: पात्यांच्या पिनांचं वर्तुळ ८ सेंमी त्रिज्येचं, पातं ३.६ सेंमी उंच, पाती ८. पात्याचा हात २ सेंमी आणि खुंट शाफ्टच्या बरोबर २ सेंमी पुढे. रॉड कॉलरच्या केंद्रापासून मोजून ८ सेंमी. हात आणि खुंटाचं अंतर सारखं ठेवलं की पाती कायम उभी राहतात. खऱ्या बोटीत ती थोडी तिरपी असत. पाण्यात शिरताना पात्याची रेषा चाकाच्या माथ्याकडे रोखलेली असावी, हा जुना ठोकताळा, कारण बोट पुढे जात असताना पात्याची पाण्यातली वाट त्याच दिशेने असते आणि ते सुरीसारखं कापत शिरतं. देखाव्याला उभी पाती पुरेत. शाफ्ट चाकापाशीच संपवा, बाहेर आणला तर कॉलर बसायला जागा उरणार नाही.

फेऱ्यांचा हिशेब: ट्रॉली सेकंदाला २० सेंमी जाते. चाक नेहमी पाण्यात थोडं घसरतं, म्हणजे पात्यांचा वेग बोटीपेक्षा जास्त असतो. घसर २० टक्के धरली तर पात्यांचा वेग २५ सेंमी. पिनांच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ५० सेंमी. म्हणजे सेकंदाला अर्धा फेरा, मिनिटाला ३०. याहून जास्त फिरवलं तर रुळावर ओढलेली बोट आहे हे पोरंसुद्धा ओळखतील.

खऱ्या बोटीला हेच गणित लावा. पात्यांच्या मध्यावर ४ मीटर व्यास आणि ४५ फेरे धरले तर पात्यांचा वेग सुमारे १८ नॉट, म्हणजे ताशी १८ सागरी मैल. घसर वजा जाता बोट साडेचौदाच्या आसपास.

तेलवाला

छुक-छुक ट्रॅक काढून टाका, हे आधी.

रेल्वे इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकतं, म्हणून तो आवाज येतो. या बोटींची वाफ सिलिंडरमधून कंडेन्सरमध्ये जाते आणि तिथे पुन्हा पाणी होते. धुराड्यातून फक्त धूर. इंजिन आश्चर्य वाटावं इतकं शांत: क्रँक (शाफ्ट फिरवणारा वाकडा दांडा) खाली येताना एक जड धप्प, कंडेन्सरमधलं पाणी आणि हवा उपसणाऱ्या एअर पंपाचा उसासा, आणि बाहेर पात्यांचा सपसप आवाज. ८ पाती, ४५ फेरे, म्हणजे एका चाकाचे सेकंदाला ६ आघात. तुमच्या ३० फेऱ्यांना ४. तो आवाज पाणी आणि लाकडी फळीवर रेकॉर्ड करा, झालं काम.

पांढरी वाफ दाखवायची असेल तर धुराड्याला लागून एक बारीक नळी असते, सेफ्टी वाल्वची. ती धक्क्यावर थांबल्यावर सोडायची, चालताना नाही. बोट थांबली की इंजिन वाफ खात नाही, पण भट्टी तर पेटलेली असते. दाब चढतो, वाल्व उघडतो आणि कानठळ्या बसतात. हुशार आगवाला धक्का यायच्या दोन-तीन मिनिटं आधी डँपर (भट्टीची हवा कमी करणारी झडप) ओढून घेतो आणि त्याच वेळी बॉयलरमध्ये पाणी सोडतो. जादा उष्णता त्या थंड पाण्यात जिरते. वारंवार वाल्व उडवणाऱ्या आगवाल्याला इंजिनीअर दम देणार, कारण उडाली ती कोळशाची किंमत.

दिवसाचा क्रम. मोठ्या गोल बॉयलरमध्ये रात्री आग पूर्ण विझवत नाहीत. निखारे मागे ढकलून वर ओला चुरा टाकून दाबून ठेवतात. पहाटे ते पसरायचे. बॉयलर पूर्ण थंड असेल तर वाफ करायला आदल्या दिवसापासून सुरुवात करतात. घाई केली तर वरचं पाणी उकळतं आणि तळाचं थंडच राहतं. पत्रा असमान ताणला जातो आणि नळ्यांची टोकं गळायला लागतात. क्लाइडवर बरीच वर्षं उभा, गवताच्या गंजीच्या आकाराचा बॉयलर चालला तो याचसाठी. तो हलका आणि लवकर वाफ देणारा. दाब मात्र चौरस इंचाला ५० पौंडांच्या आत. शंभराच्या वरचा दाब हवा, म्हणजे कंपाऊंड इंजिन (तीच वाफ आधी लहान, मग मोठ्या सिलिंडरमध्ये वापरणारं) हवं, तर त्याला रजा.

वाफ तयार झाली तरी इंजिन लगेच फिरवायचं नाही. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवून तासभर हळूहळू गरम करायचं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दबत नाही, आणि पिस्टनने ते कोंडलं तर झाकण फुटतं.

कोळसा: चांगल्या कंपाऊंड इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला सव्वादोन पौंड, म्हणजे साधारण किलोभर. हजार अश्वशक्तीची बोट धरली तर तासाला टनभर. आठ तास चाल, वर पेटवणी आणि धक्क्यांवरची नासाडी, म्हणजे दिवसाला ९-१० टन. आधीच्या पिढीच्या साध्या इंजिनांना याच्या दुप्पट. फावड्यात ७-८ किलो धरले तर तासाला सव्वाशे ते दीडशे फावडी. सगळा कोळसा एकदम टाकायचा नाही. थोडा, पातळ थरात, पुन्हा पुन्हा, आणि एका वेळी एकाच भट्टीचं दार उघडायचं. जाड थर टाकला की काळा धूर आणि वरच्या डेकवर पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांच्या तक्रारी. राख कोळशाच्या दहाव्या भागाच्या आसपास. ती बादल्यांनी वर काढून वाटेत पाण्यात टाकायची, धक्क्याजवळ नाही. जाळीवर खंगर (वितळून घट्ट झालेली राख) साचला की हवा अडते आणि दाब बसतो. तो काढायला एक भट्टी अर्धी विझवावी लागते, म्हणून ते काम लांब थांब्यावर करायचं.

आणखी एक गोष्ट निवेदनात घ्याच, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या बोटींत कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी थेट फवारत, वाफेच्या पंचवीस-तीसपट. तेच मिसळलेलं पाणी पुन्हा बॉयलरला जाई, म्हणजे बॉयलर खाऱ्या पाण्यावरच चाले. खारेपणा मोजायच्या मापकावर ३२ चे भाग असत, कारण समुद्राच्या पाण्यात ३२ भागांत १ भाग मीठ. बॉयलरमध्ये ते २ ते ३ भागांवर गेलं की गरम पाण्याचा काही हिस्सा बाहेर सोडून द्यायचा आणि नवं भरायचं. म्हणजे तापवलेलं पाणी समुद्रात. नाही सोडलं तर पत्र्यावर जाड पापुद्रा धरतो, पत्रा लाल होतो आणि फुगतो. पुढे वाफ आणि समुद्राचं पाणी वेगळं ठेवणारे कंडेन्सर आले. मग नवाच घोळ. सिलिंडरला लावलेली चरबी पाण्याबरोबर बॉयलरमध्ये गेली, तिचं आम्ल झालं आणि पत्र्याला खड्डे पडले. चरबी सोडून खनिज तेल वापरायला लागले तेव्हा ते थांबलं.

फवाऱ्याच्या कंडेन्सरचा सगळ्यात महागडा अपघात असा: इंजिन थांबवलं आणि फवाऱ्याचा कॉक बंद करायला विसरले. एअर पंप इंजिनावरच चालतो, तो थांबलेला. पाणी मात्र आत येतच राहतं, कंडेन्सर भरतो, पाणी मागे सिलिंडरमध्ये चढतं. पुन्हा वाफ दिली की पिस्टन नाहीतर झाकण गेलं.

सुकाणी

वरच्या दोघांनी इंजिनाबद्दल सांगितलंय, पण माझ्या मते या बोटींचं खरं काम धक्क्याला लागणं आणि सुटणं हे होतं. नदीवरची बोट दिवसात वीस-पंचवीस वेळा थांबे. वेळापत्रक सांभाळायचं ते पाण्यात धावून नाही, थांब्यावर एक मिनिट वाचवून. तुमच्या देखाव्यात दोन धक्के आहेतच, तर चार मीटरच्या प्रवासापेक्षा त्यावर जास्त मेहनत घ्या.

क्रम असा. कॅप्टन दोन चाकपेट्यांच्या मधल्या पुलावर उभा राहतो. तिथून बोटीचा सर्वांत रुंद भाग त्याच्या पायाखाली असतो, धक्क्यापासूनचं अंतर दिसतं. धक्क्याच्या अलीकडे इंजिन बंद, बोट आपल्या वेगाने येते. मग अर्धा वेग मागे. चाकं उलट फिरवली की बोट पटकन थांबते, हा चाकांचा मोठा गुण. पुढच्या खलाशाने आधीच बारीक दोरी फेकलेली असते, तिच्यामागे जाड दोर जातो आणि खुंटाला पडतो. बोट चाकपेटीजवळच्या बाहेर आलेल्या डेकच्या कडेने धक्क्याला टेकते. तिथे जाड लाकडी पट्टा असतो, घासून झिजण्यासाठीच. गँगवे हाताने टाकतात. ओहोटीला धक्का उंच राहतो, तेव्हा लोक वरच्या डेकवरून चढतात-उतरतात. भरतीला खालच्या.

सगळ्यात मोठी काळजी दोराची. सुटताना ढिला पडलेला दोर पाण्यात गेला आणि चाकात ओढला गेला की रॉड वाकतात. म्हणून मागचा दोर पूर्ण आत आल्याचा हात दिसेपर्यंत घंटा वाजवायची नाही.

सुकाणूबद्दल एक. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बोटीत पंख्याचं पाणी थेट सुकाणूवर आदळतं, म्हणून कमी वेगातही ती वळते. इथे चाकं मध्यभागी आणि सुकाणू मागे. वेग नसेल तर सुकाणू जवळजवळ निकामी. त्यात बोट उथळ आणि चाकपेट्या उंच, आडवा वारा आला की सरकते. दोराच्या आधारानेच फिरवावी लागते.

पुलावरून इंजिनखोलीत हुकूम कसा जायचा? तुमच्या काळाला पितळी तबकडीचा टेलिग्राफ ठेवा, घंटेसकट. त्याच्याही आधी लंडनच्या टेम्स नदीवरच्या, पेनीभर भाड्याच्या बोटींत एक पोऱ्या इंजिनाच्या झरोक्याशी उभा असायचा. कॅप्टन हाताने खूण करायचा आणि पोऱ्या खाली ओरडायचा: हळू! थांब! मागे! लहान मुलाचा आवाज देखाव्यात घालायचा असेल तर टेम्सची बोट दाखवा, क्लाइडची नको.

एकाच वेळी दोन कंपन्यांच्या बोटी एकाच धक्क्याकडे शर्यत लावत येत आणि अपघात होत. म्हणून १८८० च्या दशकाच्या अखेरीस क्लाइडच्या धक्क्यांवर खुणांचे फलक लागले. आधी कोणी लागायचं ते धक्क्यावरचा माणूस ठरवे. हा फलक मॉडेलमध्ये दिवे लावून छान दिसेल.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

एक बाळबोध शंका. १८४५ मध्ये इंग्रज आरमाराने ‘रॅटलर’ आणि ‘अलेक्टो’ या दोन जहाजांची रस्सीखेच लावली, पंख्यावाल्या रॅटलरने चाकांच्या अलेक्टोला उलटं ओढत नेलं. मग १८९० ला चाकांच्या बोटी का बांधत होते? आणि देखाव्यात आमच्या शिंदे महाराजांच्या ‘लॉयल्टी’चं चित्र मागच्या पडद्यावर लावता येईल, ते सुचवतो.

राऊपुरा_वर्कशॉप

‘लॉयल्टी’ नको. ती मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, समुद्र ओलांडणारी दोन पंख्यांची बोट. ग्वाल्हेरच्या महाराजांनी पहिल्या महायुद्धात घेतली, इस्पितळ बोट केली. पुढे सिंदिया जहाज कंपनीकडे गेली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून विलायतेला निघाली. इतिहास मोठा, पण चाकांशी संबंध नाही. पडद्यावर ती लावली तर कलाभवनची मुलं तिथूनच सुरुवात करतील.

त्या रस्सीखेचीवर फार भर देऊ नये. रॅटलरच्या इंजिनाने त्या वेळी अलेक्टोपेक्षा बरीच जास्त ताकद दिली होती, त्यामुळे सामना बरोबरीचा नव्हता. खोल समुद्रात पंखा सरस ठरला, याला मात्र वाद नाही. जहाज डोलायला लागलं की एक चाक बुडतं आणि दुसरं हवेत फिरतं. शिवाय लांबच्या सफरीत कोळसा संपत जातो आणि चाकं वर येतात.

नदीवर उलट. पाणी दीड-दोन मीटर, मोठा पंखा मावतच नाही. बोट हलकी, थांबे जवळजवळ, कोळसा रोजचा रोज. इथे चाकच योग्य. १९०१ मध्ये क्लाइडवर ‘किंग एडवर्ड’ ही टर्बाइनची प्रवासी बोट आली आणि वेगाचा प्रश्न मिटला, तरी चाकांच्या बोटी पुढे अनेक वर्षं बांधल्या गेल्या. ‘वेव्हर्ली’ १९४६ ची आहे. तिचं इंजिन प्रवाशांना उभं राहून बघता येतं. तिरप्या सिलिंडरांचे व्हिडिओ बघायचे तर तिचेच बघा. पण तिला तीन क्रँक आहेत. तुमच्या काळाला एक किंवा दोन दाखवा.

दांडियाबाजारकर

मोटर एकच, छुक-छुक रद्द. आता तीन गोष्टी विचारतो. पुतळे सव्वाशे आहेत, आमच्या चित्रकारांना ते सगळे धक्क्याच्या बाजूला गर्दी करून उभे दाखवायचेत, छान दिसतं म्हणे. चालेल? दुसरं, पाण्याची पातळी किती ठेवायची? आणि एकच क्रँक असेल तर बिघाड काय होतो?

सुकाणी

गर्दी दाखवा, पण मग बोट त्या बाजूला कललेली दाखवा आणि दुसऱ्या बाजूचं चाक अर्धं उघडं. खरं संकट तेच होतं. धक्का आला की सगळे एका बाजूला धावत. समजा बोट उजवीकडे कलली. उजवं चाक खोल गेलं, त्याला जास्त पकड, डावं नुसतं पाणी उडवतंय. बोटीचं नाक डावीकडे ओढलं जातं आणि सुकाणूवाला उलटा जोर लावतो. म्हणून खलाशी ओरडून लोकांना मागे सारत. काही बोटींवर लोखंडी साखळ्या भरलेल्या, खाली लहान चाकं लावलेल्या पेट्या असत, त्या डेकवरून विरुद्ध बाजूला ढकलायच्या. अशी एक पेटी आणि तिला ढकलणारे दोन खलाशी ठेवा.

पाण्याच्या पातळीचं गणित मोठ्या बोटीवरून करू. ६० मीटर लांब, ७ मीटर रुंद अंग, टोकं निमुळती. साधारण ३ टनांना बोट १ सेंमी खाली बसते. दिवसाचा ९ टन कोळसा म्हणजे फक्त ३ सेंमी. पण हजार प्रवासी सरासरी ६५ किलोचे धरले तर ६५ टन, म्हणजे २२ सेंमी! तेवढ्याने चाकाचा सगळा मेळ बिघडतो. रिकाम्या बोटीत पात्याची वरची कड पाण्याबाहेर राहते आणि पकड कमी. खच्चून भरलेल्या बोटीत चाक बुडतं, इंजिनाचे फेरे उतरतात, कोळसा तितकाच जळतो आणि वेळापत्रक कोलमडतं. रविवारी बोट उशिरा यायचं हेही एक कारण, नुसतं चढणं-उतरणं नाही.

तुमच्या प्रमाणात २२ सेंमी म्हणजे ९ मिलीमीटर. बोट रुळावर असल्यामुळे ती पाण्याबरोबर खाली येणार नाही, म्हणजे हौदातलं पाणी ९ मिलीमीटर उतरलं की तुमची भरलेली बोट रिकामी झाली! हॅलोजनच्या उजेडात दहा दिवसांत एवढं पाणी उडून जायला काहीच वेळ लागत नाही. सर्वांत खालचं पातं बरोबर उभं असताना त्याच्या वरच्या कडेवर ४ मिलीमीटर पाणी ठेवा, हौदाच्या काचेवर खूण करा आणि रोज आरतीच्या आधी भरा.

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या चाकांच्या आगबोटीचं उदाहरण इथे लागू पडतं. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. बोट साडेपाच दिवसांच्या कोळशाची, एडनला लागले ११ दिवस. म्हणून कोळसा केबिनांतही रचला होता आणि बोट इतकी बसली होती की सुरुवातीला चाकं नीट फिरेनात. एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. भारतीय संदर्भ हवाच असेल तर हा घ्या.

तेलवाला

एक क्रँक असेल तर दोन गोष्टी. पहिली, प्रत्येक फेऱ्याला बोट पुढे-मागे हिसका देते. खुर्चीत बसलेल्या माणसालाही तो कळतो. दुसरी, थांबताना क्रँक नेमका सिलिंडरच्या रेषेत येऊन थांबला तर वाफ कितीही द्या, तो फिरत नाही. धक्का समोर, वारा आडवा आणि इंजिन अडकलं. मग पहारीने चाक किंवा शाफ्ट थोडा सरकवायचा. मुरलेला इंजिनीअर बंद करतानाच शेवटचा वाफेचा हिसका असा देतो की क्रँक रेषेबाहेर थांबेल. दोन क्रँक काटकोनात असले तर हा त्रास नाही. कंपाऊंडमध्ये उच्च दाबाचा सिलिंडर रेषेत अडकला तरी एक वाल्व उघडून ताजी वाफ थेट मोठ्या सिलिंडरला देता येते.

तुमच्या मॉडेलमध्ये इंजिनखोलीला काच ठेवणार असाल तर एक तेलवाला क्रँकजवळ उभा करा, हातात नळीची तेलदाणी. क्रँकपिन प्रत्येक फेऱ्याला वर येते तेव्हा तो तिला तळहाताने चाटता स्पर्श करून गरम आहे का ते बघायचा. तेलाच्या डब्यांत लोकरीची वात असते, ती तेल ओढून बेअरिंगवर ठिबकवते. बोट जास्त वेळ थांबली की वाती उपसून ठेवायच्या, नाहीतर तेल फुकट.

चाकातले बिघाड वेगळे. पात्यांच्या पिनांना लिग्नम व्हायटी या जड लाकडाची बुशं आणि वंगण पाण्याचंच. गाळ-वाळूच्या पाण्यात ती लवकर झिजतात, पातं खडखडतं. तरंगतं लाकूड आत आलं तर पातं फुटतं, त्याचा तुकडा पुढच्या पात्याला लागतो आणि चाकपेटीचं लाकूडही उडतं. मुख्य रॉड तुटला तर सगळीच पाती मोकाट, ताबडतोब थांबायचं. जादा पाती बोटीवर बांधलेली असत. पेटीच्या दारातून आत जाऊन ती बदलायची, पण त्याआधी वाफेचा वाल्व बंद आणि चाक साखळीने बांधलेलं. पाण्याचा प्रवाह चाक फिरवू शकतो हे विसरायचं नाही.

निवेदनात माणसं: कॅप्टन, मेट (त्याच्या हाताखालचा अधिकारी), खलाशी, दोन इंजिनीअर, आगवाले, कोळसा पुढे ओढणारा, तेलवाला, तिकिटांचा पर्सर, आणि खानपानाचे नोकर. खानपान बरेचदा ठेक्यावर दिलेलं. मोठ्या बोटींवर आणखीही काही असे. ‘कोलंबा’वर, १८७८ ची ३०१ फुटी, टपाल कचेरी होती. काम हंगामी. उन्हाळा संपला की बोट गोदीत. हिवाळ्यात बॉयलरचे पापुद्रे खरवडणं, बेअरिंगचा पांढरा धातू नव्याने ओतणं, पात्यांची बुशं बदलणं, तळ घासणं. मग बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याची तपासणी. प्रमाणपत्रात नदीसाठी, खाडीसाठी आणि उघड्या समुद्रासाठी प्रवाशांचे आकडे वेगवेगळे.

त्या आकड्यांना अर्थ काय, तो ३ सप्टेंबर १८७८ ला टेम्सवर दिसला. ‘प्रिन्सेस अलिस’ संध्याकाळी सहलीहून परतत होती, वुलिचजवळ ‘बायवेल कॅसल’ हे कोळशाचं जहाज तिच्या उजव्या चाकपेटीजवळ घुसलं आणि ती काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. प्रमाणपत्र ९३६ जणांचं होतं, म्हणजे कागद ठीक होता. पण अंग पातळ लोखंडाचं आणि अरुंद, जहाज अवजड. समोरासमोर आलेल्या जहाजांनी कोणत्या बाजूने जायचं याचा टेम्सवर पाळला जाणारा नक्की नियम नव्हता, तो यानंतर झाला. देखावा लहान मुलांचा आहे, हे दाखवू नका. निवेदनात एक वाक्य पुरे.

राऊपुरा_वर्कशॉप

पाती ऍक्रिलिकची करणार असाल तर २ मिमीची घ्या, पिना पितळी, बुश नायलॉनची नळी. लाकूड दहा दिवस पाण्यात फुगेल आणि पिन धरून ठेवेल. कॉलर बसवताना उजव्या आणि डाव्या चाकाची आरसाप्रतिमा करा. दोन्ही एकसारखी कापली तर एका बाजूचा खुंट मागे येईल, आणि खऱ्या बोटीसारखी तिरपी पाती ठेवलीत तर त्या बाजूची उलटी झुकतील. धूर धुराड्यातून करडा ठेवा, काळा नको, आणि मशीनची नळी सेफ्टी वाल्वच्या नळीला वेगळी द्या, टायमर धक्क्यावर थांबल्याच्या पाचव्या सेकंदाला.